घरच्या कामांसाठी वेल्डिंग मशीन घेताय? आधी मीटर बघा, मग दुकानात जा

वेल्डिंग मशीन घ्यायला गेलात की काउंटरवरचा माणूस विचारतो, "किती अँपिअरचं देऊ?" आपल्याला काही सांगता येत नाही, मग तोच म्हणतो, "दोनशेचं न्या, सगळं होतं त्यात." तो खोटं बोलत नाही. पण खरोखर २०० अँपिअर बाहेर काढायचे तर सिंगल फेजवर त्या मशीनला भिंतीतून जवळपास ४० अँपिअर ओढावे लागतात, आणि तुमच्या घरातला मोठ्यात मोठा सॉकेट असतो १६ अँपिअरचा. पेटीवरचा आकडा आणि भिंतीतला सॉकेट यांची गाठ दुकानात कुणी घालून देत नाही. म्हणून ही खरेदी मशीनपासून सुरू करू नका. आपल्याला काय जोडायचंय आणि आपल्याकडे वीज किती आहे, एवढं ठरलं की मशीन जवळजवळ आपोआप ठरतं.

हा लेख हौशी माणसासाठी आहे. गच्चीवर कुंड्यांचा स्टँड, निखळलेली गेटची बिजागरी, वर्कबेंच, पार्किंगवर पत्र्याची शेड, शेतावरच्या ट्रॉलीची किरकोळ दुरुस्ती अशी कामं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. ग्रिल-गेटचा धंदा टाकायचा असेल तर हिशेब वेगळा, त्याला थ्री फेज आणि व्यावसायिक कनेक्शन लागेल. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी खिशाला चांगलीच लागते.

१. काय जोडायचंय त्याची यादी करा

पुढच्या वर्षभरात करायची कामं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: धातू कोणता, जाडी किती, काम घरात की उघड्यावर. नव्वद टक्के हौशी लोकांच्या यादीत एकच धातू येतो, साधं लोखंड, म्हणजे एमएस. स्टेनलेस एखाददुसऱ्या कामाला. अॅल्युमिनियम बहुधा नुसत्या इच्छेपुरतं.

जाडी मात्र नीट बघा, कारण सगळं तिच्यावर ठरतं. बाजारात पत्रा आणि पाइप गेजमध्ये बोलले जातात: १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ गेज १.६ मिमी, १८ गेज १.२ मिमी, २० गेज ०.९ मिमी. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, नवखा इथे हमखास उलटं समजतो. साध्या आर्क वेल्डिंगने, म्हणजे होल्डरमध्ये वितळणारा रॉड धरून केलेल्या वेल्डिंगने, २ मिमी आणि त्यावरचं काम आरामात जमतं. १.६ ला हात बसावा लागतो. १.२ वर शिकाऊ माणूस जोड कमी आणि भोकं जास्त पाडतो.

म्हणून पहिल्या कामांसाठी पाइप २ मिमीचाच घ्या, आणि घेताना वजन करून घ्या. २५ बाय २५ चा, २ मिमी जाडीचा, २० फुटी चौकोनी पाइप साडेआठ किलोच्या आसपास भरतो. तोच १.६ चा असेल तर सात किलोला जाऊन थांबतो. दुकानदार तोंडाने काहीही म्हणो, काटा खरं सांगतो. खिशात व्हर्नियर असेल तर उत्तमच.

२. मीटर, वायर, सॉकेट: इथे घाई करू नका

वीजबिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचं बिल असेल, गोव्यात वीज खात्याचं, तरी शोधायचा आकडा तोच. मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल आणि घरात गीझर, एसी, पंप सगळं असेल, तर वेल्डिंग सुरू करण्याआधी भार वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो. ओळखपत्र, ताजं बिल आणि परवानाधारक वीज कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. काही अडलं तर १९१२ वर फोन करा.

आता मशीन किती वीज ओढतं त्याचा हिशेब. साध्या इन्व्हर्टर मशीनची (घरी घ्यायचं हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन, पुढे येतंच) कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरं काम करणारा वाटा, ०.७ च्या जवळपास धरला, तर २३० व्होल्टवर चित्र असं दिसतं:

- रॉडला ८० अँपिअर दिले, तर भिंतीतून १४ अँपिअरच्या आसपास
- १२० दिले, तर २२ च्या आसपास
- १६० दिले, तर ३० च्या वर
- २०० दिले, तर ४० च्या घरात

यातली पहिली ओळ १६ अँपिअरच्या सॉकेटवर कशीबशी बसते. ८० अँपिअरवर २.५ मिमीचा रॉड छान चालतो, म्हणजे कुंड्यांचा स्टँड, बेंच, छोटी शेड हे सगळं होतं. ३.१५ मिमीचा रॉड वापरायचा असेल तर ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढून घ्या: डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) थेट ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३२ चा एमसीबी, आणि शेवटी इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट, तो निळा गोल. इलेक्ट्रिशियनला एमसीबी 'सी' कर्व्हचा टाकायला सांगा. काही घरांत 'बी' कर्व्हचे असतात. मशीन चालू करताना क्षणभर जोराचा करंट ओढतं आणि 'बी' लगेच पडतो. मग माणूस वैतागून एमसीबीच मोठ्या अँपिअरचा बसवतो, वायर तीच जुनी ठेवतो, आणि भिंतीत आग लावून घ्यायची तयारी होते. एमसीबी वायरीचं रक्षण करायला असतो. वायर बदलल्याशिवाय तो मोठा करायचा नाही.

६ अँपिअरच्या सॉकेटला बारीक पिनांचा अॅडॉप्टर लावून मशीन चालवणारे लोक आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

एक्स्टेन्शन बोर्डबद्दलही तेच. दिवाळीच्या माळांसाठी आणलेला, १ स्क्वेअर वायरीचा ३० मीटरचा बोर्ड २० अँपिअरला वाटेतच वीसेक व्होल्ट खातो आणि तापून मऊ पडतो. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर ४ स्क्वेअरची थ्री कोअर तांब्याची केबल घ्या आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला जागाच राहत नाही.

गावाकडे वेगळी अडचण, व्होल्टेज. संध्याकाळी १७०-१८० ला येणाऱ्या लाइनवर मशीन तेवढीच शक्ती द्यायला जास्त अँपिअर ओढतं, किंवा सरळ बंद पडतं. आर्क लागत नाही, रॉड चिकटत राहतो, आणि आपण मशीनला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मल्टिमीटर लावून चालू कामातलं व्होल्टेज एकदा बघून ठेवा. लाइन पडकी असेल तर कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन घ्या, माहितीपत्रकात इनपुट व्होल्टेजचा पल्ला दिलेला असतो. जनरेटरवर चालवायचं तर २.५ च्या रॉडला निदान ५ केव्हीएचा लागेल. आणि घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर या कामाचा नाही, त्याच्या वायरिंगवरचा सॉकेट चुकूनही वापरू नका.

अर्थिंग बघा. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. टेस्टर-दिव्याने फेज आणि अर्थमध्ये दिवा पूर्ण पेटतो का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

३. आर्क, सीओटू की आर्गन?

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ही तीन नावं ऐकू येतात. शहाण्या माणसाने सुरुवात आर्कनेच करावी असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आर्क म्हणजे होल्डरमध्ये रॉड धरून करायचं वेल्डिंग. गॅसची टाकी नाही, रॉड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, थोडा गंज असला तरी निभावतं, वाऱ्यात उघड्यावर काम होतं. जोडावर जमणारी खपली फोडावी लागते, धूर जास्त, पातळ पत्र्याला अवघड, हे तोटे. घरच्या यादीतली बहुतेक कामं याने होतात.

सीओटू म्हणजे मिग: बंदुकीतून तार आपोआप येते आणि वरून गॅस सोडला जातो. शिकायला सोपं, १ मिमीचा पत्रा सुद्धा सुबक जोडला जातो, गाडीच्या बॉडीचं काम करायचं तर हेच हवं. पण सिलिंडर, रेग्युलेटर, तारेचं रीळ, टिप, नोझल असा पसारा वाढतो. पंख्याच्या किंवा वाऱ्याच्या झोताने गॅस उडाला की जोडात जाळी पडते. सध्या 'गॅसलेस मिग' म्हणून मशीनं जोरात विकली जातात. त्यांत पोकळ तारेच्या आत फ्लक्स, म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणारी पूड, भरलेला असतो, त्यामुळे सिलिंडर लागत नाही. चालतं. मात्र अशा तारेला बहुधा उलटी पोलॅरिटी लागते, टॉर्च मायनसला. मशीनमध्ये पोलॅरिटी बदलायची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय फ्लक्सची तार साध्या तारेपेक्षा बरीच महाग पडते.

आर्गन म्हणजे टिग. सगळ्यांत देखणा जोड, सगळ्यांत हळू काम. स्टेनलेसच्या रेलिंगवर जो सुंदर जोड दिसतो तो हा. इथला सापळा असा: 'आर्क + टिग' लिहिलेली स्वस्त मशीनं डीसी असतात, आणि अॅल्युमिनियमच्या टिगला एसी लागतो, कारण अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर एसीमुळेच फुटतो. एसी-डीसी टिग मशीनची किंमत ऐकून बहुतेकांची अॅल्युमिनियमची हौस तिथेच फिटते. चार जोड मारायचे असतील तर आर्गनवाल्याकडे तुकडा घेऊन जा.

'थ्री इन वन' मशीनचा मोह होतो. तीन कामं थोडी थोडी करणारं एक मशीन बिघडलं की तिन्ही बंद, हे लक्षात ठेवा. आर्कवर हात बसला आणि यादीत खरोखर पातळ पत्रा जास्त आहे असं दिसलं, तर वर्षभराने वेगळं मिग घ्या.

४. ट्रान्सफॉर्मर की इन्व्हर्टर?

फॅब्रिकेशनवाल्याकडे चाकांवरचा जो जड डबा दिसतो तो ट्रान्सफॉर्मर. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, दहा-वीस वर्षं चालतो, वाइंडिंग जळलं तर तालुक्याच्या गावी मोटार भरणारा सुद्धा भरून देतो. पण बहुतेक जुने सेट दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारे असतात. घरच्या सिंगल फेजवर ते नुसते बसून राहतात. जुन्या बाजारात स्वस्त दिसला म्हणून उचलून आणण्याआधी इनपुट व्होल्टेज वाचा, आणि वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं तेही विचारा.

इन्व्हर्टर मशीन आलेली वीज आधी डीसी करतं, मग ती हजारो वेळा तोडून-जोडून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पुढे सोडतं, म्हणून ते एका हातात उचलता येतं. आर्क डीसीचा असतो, शांत आणि धरायला सोपा. बरीच मशीनं हॉट स्टार्ट (आर्क पटकन लागावा म्हणून) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटून बसू नये म्हणून) सोयींसह येतात, शिकताना त्याचा फार आधार वाटतो. दोष एकच, पण मोठा: आतलं सर्किट बोर्ड गेलं की गल्लीतला माणूस ते दुरुस्त करत नाही. म्हणून घरासाठी इन्व्हर्टरच घ्या, पण सर्व्हिस कुठे मिळते ते आधी विचारून. आयजीबीटी (वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा एक प्रकार) असलेलं मशीन बघा.

५. पेटीवरचं नाव सोडा, नेमप्लेट वाचा

'एआरसी २००', 'एआरसी २५०', 'एआरसी ३००' ही मॉडेलची नावं आहेत. त्यातला आकडा खरा आउटपुट असेलच असं नाही. खरं काय ते मशीनच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या नेमप्लेटवर असतं. तिथे हे शोधा:

- एक्स, म्हणजे ड्यूटी सायकल. दहा मिनिटांत किती मिनिटं मशीन सलग चालू शकतं ते. १६० अँपिअरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा कोणत्या अँपिअरला दिलाय ते महत्त्वाचं. '६० टक्के' नुसतंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.
- आय टू. आउटपुट करंटचा पल्ला. खालचं टोक २०-३० अँपिअरपर्यंत जात असेल तर पातळ कामाला बरं.
- यू झिरो. रॉड टेकवण्याआधीचं व्होल्टेज. ६० ते ८० च्या दरम्यान असतं. फार कमी असेल तर आर्क लागायला त्रास होतो.
- आय वन मॅक्स आणि आय वन इफेक्टिव्ह. मशीन भिंतीतून जास्तीत जास्त किती ओढेल आणि थांबत-थांबत वापरात सरासरी किती. तुमची लाइन यावरून ठरते.
- आयपी रेटिंग. आयपी २१ म्हणजे वरून पडणाऱ्या थेंबांपुरतं संरक्षण. पावसाच्या झडीत ते मशीन चालवायचं नाही.

ड्यूटी सायकल ४० अंश तापमानाला मोजलेली असते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्यातलं काही कापूनच धरा. तरी घाबरू नका. एक रॉड मिनिट-दीड मिनिटात संपतो, मग आपण खपली फोडतो, ब्रश मारतो, तुकडा फिरवतो, चहा घेतो. घरच्या कामाला १२० अँपिअरला ३५-४० टक्के मिळाले तरी पुरे.

नेमप्लेटच नसेल, किंवा तिच्यावर फक्त '२०० ए, २२० व्ही' एवढंच छापलं असेल, तर ते मशीन परत ठेवा.

६. दुकानात काय विचारायचं

ऑनलाइन भाव बघून घ्या, पण शक्य असेल तर मशीन दुकानातून घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी किंवा भोसरी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, नाशकात सातपूर-अंबड, अशा भागांत चालवून दाखवणारे दुकानदार भेटतात. एडोर, ईसॅब यांसारख्या जुन्या कंपन्यांची मशीनं महाग पडतात, सुटे भाग मात्र मिळतात. नव्या स्वस्त ब्रँडमध्ये चांगलंही आहे, पण तिथे सर्व्हिसचा पत्ता विचारणं अटळ.

चालवून बघताना २.५ किंवा ३.१५ चा रॉड लावायला सांगा आणि एक अख्खा रॉड न थांबता संपवू द्या. जमलं तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलला लावा. पडद्यावर १५० आणि क्लॅम्पवर ११० असं दिसलं तर समजा काय ते. दुकानदार क्लॅम्प मीटर बघून चिडला, तर त्यातूनही कळायचं ते कळतं.

सोबत आलेल्या केबल हमखास फसव्या असतात. दीड-दोन मीटरच्या, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या. टोक सोलून नखाने किंवा ब्लेडने खरवडा, पांढरं दिसलं की कळलं. बदलायची असेल तर १३० अँपिअरपर्यंत १६ स्क्वेअर आणि त्यापुढे २५ स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या. मशीनला लागणारे डिन्स कनेक्टर लहान आणि मोठे अशा दोन मापांत येतात, जुना सोबत घेऊन जा.

घ्यायचे कागद:

- जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही
- वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह आणि तारखेसह
- सर्व्हिस सेंटरचा पत्ता, शक्यतो तिथे फोन लावून खात्री करूनच
- बदलून देण्याची मुदत, बिलाच्या मागे दुकानदाराच्या हाताने लिहून

७. मशीनखेरीज पैसे लागणारं बाकीचं सामान

सगळं बजेट मशीनवर उडवलं तर वेल्डिंग करता येणार नाही. निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा.

- हेल्मेट. आपोआप काळं होणारं, शेड ९ ते १३ बदलता येणारं, चार सेन्सरवालं घ्या. दुसरा हात मोकळा राहतो आणि रॉड कुठे टेकतोय ते दिसतं, म्हणून शिकणं दुप्पट सोपं जातं. रस्त्यावरचे कारागीर काळा गॉगल लावून काम करतात, त्यांची नक्कल नको. बाजूने येणारे अतिनील किरण अडत नाहीत, आणि चेहरा-मान भाजते ती वेगळीच.
- चामड्याचे हातमोजे आणि एप्रन. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नायलॉन, पॉलिस्टर अजिबात नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बूट. पँटची घडी दुमडू नका, ठिणगी नेमकी तिथेच जाऊन बसते.
- ४ इंची ग्राइंडर, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील आणि फ्लॅप डिस्क. गार्ड काढून वापरू नका. त्यासाठी पारदर्शक गॉगल वेगळा.
- चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या, काटकोनी मॅग्नेट, तीन-चार सी क्लॅम्प. वेल्डिंग म्हणजे ऐंशी टक्के मापणं, कापणं आणि पकडून ठेवणं.
- रॉड. सुरुवातीला फक्त ई६०१३, आयएस ८१४ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. दुकानात याला नंबराने मागतात: १२ नंबर म्हणजे २.५ मिमी, १० नंबर ३.१५, ८ नंबर ४ मिमी. तुम्ही १२ नंबर घ्या. २ मिमीला ६० ते ७० अँपिअर आणि ३ मिमीला ७५ ते ८५ पासून सुरू करा. ७०१८ मजबूत असतो, पण तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो, घरी ते लफडं नको. स्टेनलेससाठी ३०८एल.

रॉड पावसाळ्यात दमट होतो, कोकणात तर दोन आठवड्यांत. मग आर्क फडफडतो, जोडात भोकं पडतात. पुडा फोडला की रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. ओल धरलेला ६०१३ शंभरेक अंशांवर तासभर वाळवला की बहुधा सुधारतो. फ्लक्स गळून पडत असेल तर टाकून द्या.

८. जागा कुठली

फ्लॅटची बाल्कनी ही जागा नव्हे, सोसायटीने परवानगी दिली तरी. बंगल्याचं पार्किंग, अंगण, शेतावरची शेड चालेल. आजूबाजूचे पाच-सहा मीटर रिकामे करा: पुठ्ठे, रंगाचे डबे, गाद्या, प्लास्टिकचे क्रेट, गॅस सिलिंडर. गोठ्याला लागून कडबा किंवा भुसा असेल तर तिथे वेल्डिंग करूच नका. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जवळ चार्ज होत असेल तर तिच्यातून हायड्रोजन निघत असतो, तिथेही नाही. शेजारी वाळूची बादली आणि एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळा, धुमसणारी ठिणगी उशिराच भडकते.

जुनी पेट्रोलची टाकी, तेलाचा पिंप, थिनरचा डबा: धुतला असला, वर्षभर रिकामा पडला असला, तरी वेल्डिंगला घ्यायचा नाही. आत राहिलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते आणि माणसं मरतात.

जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला) वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडापासून दोन-तीन सेंटिमीटर जस्त ग्राइंडरने काढा, उघड्यावर बसा, वाऱ्याकडे पाठ करू नका, वारा आडवा येऊ द्या. ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग पूर्ण सुकल्याशिवाय आणि डबा वाचल्याशिवाय वेल्ड करू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पोरं बघायला येतातच. त्यांना आधी हाकला, किंवा मध्ये ताडपत्रीचा आडपडदा करा. नुसत्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्या वेळी काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यात रात्र घालवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळही थांबू नये.

गाडी, ट्रॅक्टर किंवा रिक्षावर काम करताना आधी बॅटरीच्या वायरी सोडवा आणि अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट अल्टरनेटर आणि ईसीयूमधून (गाडीच्या कॉम्प्युटरमधून) वाट शोधतो.

९. घरी आणल्यावर पहिला आठवडा

मुदतीच्या आत मशीनला खरंच राबवा. पुष्कळ जण पेटी आणून ठेवतात, दसऱ्याला पूजा करतात आणि महिन्याने पहिला रॉड लावतात. तोवर बदलून द्यायची मुदत संपलेली असते.

भंगारवाल्याकडून ४-५ मिमी जाडीच्या पट्ट्यांचे दहा-पंधरा किलो तुकडे आणा. आधी रंग-गंज घासून काढा, अर्थ क्लॅम्प उघड्या लोखंडावर घट्ट बसवा. रॉड चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी सैल क्लॅम्पच्या असतात. पहिल्या दिवशी जोडू नका, नुसत्या सपाट पट्टीवर सरळ रेघा ओढा. रॉड आणि पट्टीमधलं अंतर रॉडच्या जाडीएवढं. रेघ दोरीसारखी उंच बसली तर अँपिअर कमी, पसरट होऊन कडेला खळगी पडली तर जास्त. मग दोन पट्ट्या काटकोनात टाके मारून जोडा, पक्कडीत धरून हातोडीने उलट्या बाजूने मोडा. आतून काळी खपली दिसली तर जोड नुसता वरवर बसलाय. हे मोडून बघणं सोडू नका, कारण वरून देखणा दिसणारा जोड आतून पोकळ असतो आणि ते फक्त मोडल्यावरच कळतं. झोपाळा, जिन्याचा कठडा, माळ्याचा आधार, ट्रॉलीचा हुक अशी माणसाच्या जिवाशी संबंध असलेली कामं पहिल्या वर्षी अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या.

कुणी शिकवणारा हवा असेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन-चार रविवार बसा. नीट शिकायचं तर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

मशीन जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ठेवा, ग्राइंडरच्या ठिणग्या त्याच्या पंख्याच्या दिशेने जाऊ देऊ नका. लोखंडाची भुकटी आत ओढली जाऊन बोर्डवर बसते आणि शॉर्ट करते. महिन्यातून एकदा प्लग काढून, थोडा वेळ थांबून ब्लोअरने हवा मारा. वापरात नसताना कापडी पिशवीत घालून ठेवा. पाली आणि मुंग्या आत ऊब शोधत जातात, आणि बोर्डवर पाल जळालेली सापडली तर कंपनी वॉरंटी देत नाही.

दुकानाचं बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा किंवा झेरॉक्स मारा. वॉरंटीचं वर्ष संपायच्या आत त्यावरची अक्षरं उडून जातात.